तेंगानान पेग्रिंगसिंगान

इंडोनेशियाच्या बाली बेटावरील एक परंपरानिष्ठ खेडे. ते बालीच्या पूर्व भागातील कारांगासेम जिल्ह्याच्या मांगिस तालुक्यात, चांदिदासा या किनारी गावाच्या उत्तरेस सुमारे तीन किमी. आत, डोंगरांनी वेढलेल्या अरुंद खोऱ्यात वसले आहे. ओढ्यापलीकडील तेंगानान दाउह तुकाद हे गाव वेगळे असून दोहोंची गल्लत करू नये. जावा बेटावरील मजापहित या हिंदू साम्राज्याच्या प्रभावापूर्वीचे मूळ बालीवासी मानल्या जाणाऱ्या ‘बाली आगा’ समाजाच्या गावांत तेंगानानची गणना होते. इंद्राची प्रमुख उपासना, जातिव्यवस्थेचा व ब्राह्मण पुरोहिताचा अभाव आणि मृतांचे दहन न करता दफन करण्याची प्रथा यांमुळे हे गाव बालीतील इतर हिंदूंपासून वेगळे उठून दिसते.

गावाच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही. स्थानिक आख्यायिकेनुसार बेदाहुलू या बालीतील जुन्या राज्याच्या राजाचा ओंचेस्रावा (म्हणजेच पुराणांतील उच्चैःश्रवा) हा घोडा हरवला आणि त्याच्या शोधात निघालेल्या पेनेगेस येथील लोकांना तो या परिसरात मृतावस्थेत सापडला. मृत घोड्याची दुर्गंधी जेथवर पोचेल तेथवरची जमीन राजाने त्यांना इनाम दिली. त्यांच्या म्होरक्याने मांसाचा तुकडा वस्त्रात दडवल्यामुळे मोजणी करणाऱ्यास दुर्गंधी सर्वत्र येत राहिली व इनामाची हद्द विस्तारली. भोवतालच्या डोंगरांतील काही शिळा या घोड्याचे अवयव मानल्या जातात आणि त्यांची पूजा होते. अभ्यासकांनी या शिळांचा संबंध महापाषाणीय (मोठ्या शिळा उभारण्याच्या प्राचीन) परंपरेशी जोडला असला, तरी केवळ त्यांच्या आधारे वस्तीचा काळ ठरवणे धाडसाचे होईल. मजापहितने बेदाहुलूचे राज्य १३४३ मध्ये जिंकले, असे परंपरेने मानले जाते. आख्यायिकेत ऐतिहासिक अंश असल्यास इनाम त्यापूर्वीचे ठरते. दुसऱ्या एका परंपरेनुसार हे लोक मूळचे किनाऱ्यावरचे असून नंतर आत सरकले. ही दोन्ही मते परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही.

तिसरे मत भारतीय स्थलांतराचे आहे आणि त्याचा मुख्य आधार येथील ग्रिंगसिंग हे वस्त्र आहे. ताणा आणि बाणा या दोहोंचे धागे विणण्यापूर्वीच नक्षीनुसार बांधून रंगवण्याचे दुहेरी इकत तंत्र जगात अगदी मोजक्या ठिकाणी आढळते. गुजरातमधील पाटणचा पटोळा व जपानमधील काही प्रकार ही त्याची ठळक उदाहरणे असून इंडोनेशियात ते परंपरेने केवळ तेंगानान येथेच टिकले. पटोळे सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व पुढे डच व्यापाऱ्यांमार्फत आग्नेय आशियात मोठ्या प्रमाणावर जात आणि तेथे मानाचे वस्त्र म्हणून जपले जात. काही ग्रिंगसिंग नमुन्यांवर त्यांची छाप स्पष्ट दिसते. मात्र नक्षीच्या साम्यावरून विणकरांचेच स्थलांतर झाले, असे अनुमान काढणे कठीण आहे. पटोळा रेशमी असून तो मुख्यतः पुरुष विणकर मागावर विणतात. ग्रिंगसिंग हातकताईच्या सुती धाग्याचे असून स्त्रिया ते कमरेला ताण देऊन चालवायच्या चागचाग या मागावर विणतात. शिवाय केवळ ताण्याचे इकत इंडोनेशियाच्या अनेक बेटांवर प्रचलित आहे. तेव्हा तंत्र स्थानिक पायावर वाढले आणि नक्षी काही अंशी व्यापारी वस्त्रांवरून घेतली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस संशोधकांनी गावाच्या लोकसंख्येचा व आनुवंशिकतेचाही अभ्यास केला. परंतु लहान, अंतर्विवाही समाजात आनुवंशिक गुणांचे प्रमाण यदृच्छया बदलत असल्याने या पुराव्याचा उत्पत्तीच्या प्रश्नी बेताचाच उपयोग होतो.

जावानीज दरबारी कवी प्रपंच याच्या ‘नागरकृतागम’ (शके १२८७, म्हणजे १३६५) या काव्यात मजापहित राजाच्या शाही वाहनाच्या वर्णनात ‘ग्रिंगसिंग लोबेंग लेविह’ असा उल्लेख येतो. लुबेंग नावाचा नमुना तेंगानानमध्ये आजही विणला जातो, त्यामुळे हा उल्लेख येथील वस्त्राचाच असल्याचे अनेकांनी गृहीत धरले. तथापि जावामध्ये ग्रिंगसिंग हे माशाच्या खवल्यांसारख्या एका बाटिक (कापडाचा काही भाग मेणाने झाकून रंगवलेल्या) नक्षीचेही नाव आहे. काव्यातील शब्द वस्त्राचा, नक्षीचा की रंगवण्याच्या पद्धतीचा, हे केवळ त्या ओळीवरून ठरत नाही. मानवाकृती असलेल्या ‘वायांग’ नमुन्यांचे पूर्व जावातील चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या मंदिरशिल्पांशी असलेले शैलीसाम्य मात्र अधिक बोलके असून त्यामुळे त्या दरबारी संस्कृतीशी संपर्क असल्याची शक्यता बळावते.

ग्रिंगसिंगची निर्मितिप्रक्रिया दीर्घ आहे. सूत प्रथम केमिरी बियांचे (रान अक्रोडाचे) तेल व लाकडाच्या राखेचे क्षारजल यांच्या मिश्रणात सुमारे ४२ दिवस भिजवतात. त्याशिवाय तांबडा रंग धाग्यात नीट मुरत नाही. नंतर धागे बांधून निळीच्या रंगणीसाठी शेजारच्या बुगबुग गावी पाठवतात, कारण तेंगानानमध्ये नीळ रंगवणे निषिद्ध आहे. तांबडा रंग बारतोंडीच्या (आलाच्या) मुळांच्या सालीपासून गावातच काढतात. ही मुळे प्रामुख्याने नुसा पेनिडा बेटावरून येतात. रंगणी अनेकदा करावी लागते व मध्ये धागे दीर्घकाळ ठेवावे लागतात, त्यामुळे एका वस्त्रास कित्येक वर्षे लागू शकतात. निळ्यावर तांबडा चढून जवळजवळ काळा रंग येतो आणि न रंगवलेला भाग पिवळसर पांढरा राहतो. ताणा अखंड असल्याने वस्त्र मागावरून वलयाकार निघते. काही विधींत ते न कापताच वापरतात. रोगराई व अशुभ यांपासून ते रक्षण करते, अशी श्रद्धा असल्याने तेंगानानबाहेरही दात कानशीने घासून सपाट करण्याच्या संस्कारात त्याला मान आहे.

गावाच्या समाजरचनेचा पायाभूत अभ्यास डच प्रशासक व परंपरागत कायद्याचे अभ्यासक व्ही. ई. कोर्न यांनी केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी तेंगानानला ‘ग्रामगणराज्य’ म्हटले. गावाचे मूळ लिखित नियम (आविग-आविग) १८४१ मध्ये आगीत नष्ट झाले व पुढील वर्षी ते आठवणीवरून पुन्हा लिहिण्यात आले. त्यामुळे आजच्या संहितेतील प्राचीन भाग कोणता आणि १८४२ ची भर कोणती, हे वेगळे काढता येत नाही. क्रामा देसा या ग्रामसभेत केवळ गावातच विवाह केलेली दांपत्ये बसतात. सभेतील ज्येष्ठता वयावर नव्हे, तर विवाहाच्या क्रमावर ठरते आणि अपत्याचा विवाह झाला की पालकांचे सदस्यत्व संपते. वारसाहक्कात मुलगा व मुलगी समान मानले जातात. नियम मोडणाऱ्यांना व बाहेरच्यांना पूर्वेकडील बांजार पांदे या भागात राहावे लागे. जमीन बाहेरच्यास विकण्यास मनाई आहे. दुरियान, केमिरी यांसारखी फळे मालकानेही झाडावरून तोडायची नसतात. खाली पडलेले फळ ज्या गावकऱ्यास सापडेल त्याचे होते. भातशेती बहुतांशी शेजारच्या गावांतील कुळांकडे असते.

गावातील तीन समांतर रस्ते दक्षिणोत्तर असून ते फरसबंद पायऱ्यांच्या टप्प्यांनी उत्तरेकडे चढत जातात. सभेची लांबट खुली इमारत (बाले आगुंग) दक्षिण प्रवेशद्वाराजवळ आहे. गावाची कालगणना बालीतील प्रचलित शक कालगणनेहून वेगळी असून तिच्या पाचव्या महिन्यातील (साधारणतः मे-जून) उसाबा सांबाह हा प्रमुख उत्सव होय. त्यात अविवाहित मुलींना उंच लाकडी पाळण्यात बसवून फिरवतात आणि पुरुष काटेरी केवड्याच्या पानांच्या जुड्या व वेताच्या ढाली घेऊन द्वंद्व खेळतात (मेकारे-कारे). येथे हार-जीत महत्त्वाची नसून सांडलेले रक्त इंद्रास अर्पण मानले जाते. जखमांवर हळदयुक्त लेप लावतात. या वेळी सेलोंदिंग हा लोखंडी पट्ट्यांचा पवित्र वाद्यसमूह वाजवला जातो.

१९७० च्या दशकापासून पर्यटन वाढले. वस्त्रांखेरीज ताडपत्रावरील कोरीव चित्रे व आटा वेलीच्या टोपल्या यांची विक्री हे उत्पन्नाचे साधन बनले असून गावाबाहेरील विवाहांविषयीचे निर्बंधही विसाव्या शतकात काहीसे सैल झाले.