डेस्कटॉप माईकची निवड (गेम स्ट्रीमिंग आणि आवाज रेकॉर्डिंगसाठी)

डेस्कटॉप माईक म्हणजे टेबलावर स्टँडला नाहीतर आर्मला (टेबलाला अडकवायचा वळता हात) लावून कॉम्प्युटरला जोडायचा माईक. गेम लाईव्ह दाखवताना बोलायला, व्हिडिओला आवाज द्यायला, पॉडकास्टला, गोष्टी वाचून रेकॉर्ड करायला, डबिंगचं सँपल पाठवायला हाच लागतो. कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत घरातल्या घरात हे काम करणारी पोरं-पोरी लई वाढली, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा मोबाईल गेम २०२१ च्या जुलैत आल्यावर तर गल्लीगल्लीत कोण ना कोण स्ट्रीम करायला लागलं, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "भावा, माईक कुठला घेऊ?" खरं तर त्याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे की बोलणार कुठल्या खोलीत आणि माईक तोंडापासून किती लांब राहणार. या दोन गोष्टी ठरल्या की माईक जवळजवळ आपोआप ठरतो, आणि त्या न ठरवता घेतलेला महागडा माईकसुद्धा वाया जातो.

आवाज पकडायचं काम या शहराला नवीन नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच सुरू झाली, पहिला मराठी बोलपट १९३२ साली तिनंच काढला आणि १९३३ ला ती पुण्याला गेली. फरक एवढाच की तेव्हा त्यासाठी अख्खा स्टुडिओ लागायचा आणि आता राजारामपुरीतल्या एका बेडरूममधे भागतं.

माईकचे प्रकार

घरगुती कामात दोनच प्रकार बघायचे, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सरमधे एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागं एक प्लेट असते, दोन्हीत विजेचा भार असतो आणि आवाजानं पडदा हलला की दोघांतलं अंतर बदलतं, त्यावरून सिग्नल तयार होतो. हा माईक ई. सी. वेन्टी यांनी १९१६ साली अमेरिकेत बनवला. पुढं १९६२ मधे अमेरिकेतल्याच बेल लॅब या संशोधन संस्थेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट प्रकार काढला, ज्यात भार कायमचा साठवलेला असतो, म्हणून माईक स्वस्त आणि छोटे झाले आणि हेडफोनमधे बसायला लागले. डायनॅमिकमधे पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती लोहचुंबकाच्या मधे हलते, सायकलच्या डायनामोसारखंच तत्त्व. गणपतीच्या मंडपात, लग्नात, सभेत हातात धरायचा जो जाळीवाला माईक असतो तो बहुतेक हाच, त्यातला सगळ्यात प्रसिद्ध शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून चालूय. स्ट्रीमरच्या व्हिडिओत तोंडासमोर काळा लांबट माईक दिसतो तो बऱ्याचदा शुअरचाच एसएम७बी असतो, मूळ एसएम७ हा १९७३ चा, बी आवृत्ती २००१ ची.

आता इथं एक गैरसमज सगळीकडं पसरलाय तो नीट सांगायला पाहिजे. "डायनॅमिक घे, तो मागचा आवाज पकडतच नाही" असं सर्रास सांगतात. डायनॅमिकमधे मागचा आवाज ओळखून गाळणारं असं काही नसतं. तो एकूणच कमी संवेदनशील असतो, तुमचा आवाजही कमी पकडतो आणि पंख्याचाही, मग गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती मोठा करायचा ते, वाढवला की दोन्ही सारखेच वर येतात. खरा फायदा होतो तो जवळ बोलल्यामुळं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माईकपाशी साधारण ६ डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) वाढतो, म्हणजे दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात तर १२ डीबी, आणि पंखा, टीव्ही, खालून जाणारी बुलेट हे आहेत तिथंच राहतात. डायनॅमिकला तोंड अगदी चिकटवून बोललं तरी तो सहन करतो, त्यामुळं लोक जवळ बोलतात आणि म्हणून खोली कमी ऐकू येते. हेच अंतर कंडेन्सरला ठेवलं तर फरक लोक सांगतात तेवढा राहत नाही. म्हणून डायनॅमिक घेऊन तो मॉनिटरच्या मागं दोन फुटांवर ठेवणारा माणूस पैसे घालवतोय, हे मी आत्तापर्यंत किमान पाच-सहा जणांच्या टेबलावर बघितलंय.

अंतराचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे, डायनॅमिकला चार बोटं, कंडेन्सरला एक वीत किंवा त्याच्या आत. फार जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो, काहींना तो भारदस्त वाटतो पण गोष्ट वाचताना तासाभरानं ऐकणाऱ्याचे कान दमतात.

कुठल्या बाजूनं ऐकतो

माईक सगळीकडून सारखा ऐकत नाही. कार्डिऑइड म्हणजे समोरून जास्त, बाजूनं कमी आणि बरोब्बर मागून सगळ्यात कमी. एकट्या माणसाला हाच पाहिजे. काही यूएसबी माईकवर बटण फिरवून गोल, दुतर्फा असे पॅटर्न बदलता येतात, २००९ ला आलेल्या ब्लू यती या माईकमुळं हे लई लोकप्रिय झालं, पण घरात ते बटण चुकून गोलवर गेलं की अख्खं घर रेकॉर्ड होतं, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसकट. दोघं समोरासमोर बसून पॉडकास्ट करणार असतील तर दुतर्फा कामाचा, तेवढंच.

दुसरं म्हणजे बरेच कंडेन्सर हे बाजूनं बोलायचे असतात, जिकडं कंपनीचं नाव किंवा लोगो आहे तिकडून. वरच्या टोकात बोलणारे फार जण आहेत आणि मग माईक खराब आहे म्हणतात. माईक हातात आला की आधी कागद वाचून तोंड कुठं ते बघावं.

कीबोर्डचं गणित यातूनच सुटतं. माईकसोबत येणारा छोटा तिपाई स्टँड टेबलावर ठेवला की कीबोर्ड तोंडापेक्षा माईकला जवळ पडतो, मेकॅनिकल कीबोर्डाची टकटक मग बोलण्याच्या वर जाते आणि माऊस आपटला की स्टँडमधून धप्प असा आवाज चढतो. आर्म घेऊन माईक वरून किंवा बाजूनं तोंडापाशी आणायचा, त्याची पाठ कीबोर्डाकडं करायची. माझ्या मते पहिले जास्तीचे पैसे आर्मवर घालावेत, माईकवर नंतर.

यूएसबी की एक्सएलआर

यूएसबी माईकमधे आवाजाचे आकडे करणारा भाग आतच असतो, वायर लावली की झालं. एक्सएलआर म्हणजे तीन पिनांची जाड वायर लागणारा माईक, त्याला वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक आणि कॉम्प्युटरच्या मधला डबा लागतो, कंडेन्सर असेल तर त्यातून ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे त्याच वायरीतून माईकला वीजही द्यावी लागते. एक माणूस, एक कॉम्प्युटर असं असेल तर यूएसबीनं सुरू करण्यात काहीच कमीपणा नाही, मावोनो, फिफाईन असल्या कंपन्यांचे बरे माईक दोन-तीन हजारापासून मिळतात आणि त्यातले काही एकाच माईकला यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही असलेले असतात, पुढं वाढायचं असेल तर तसला बघावा. एसएम७बी सारख्याच्या नादाला लागण्याआधी एवढं माहीत असू दे की त्याची किंमत तीस हजाराच्या वर जाते आणि त्याला साधारण ६० डीबी गेन लागतो, स्वस्त इंटरफेसवर एवढा गेन दिला की सुंऽऽ असा आवाज मागं राहतो.

हेडफोनसाठी माईकवरच जॅक आहे का हे आवर्जून बघावं. त्यातून आपला आवाज जसाच्या तसा लगेच कानात येतो, कॉम्प्युटरमधून फिरून यायला जो उशीर लागतो तो बोलताना अडखळवतो. ब्लूटूथ इअरबड्सचा माईक मात्र या कामाला घेऊच नये, माईक चालू झाला की तो फोन कॉलच्या दर्जावर उतरतो आणि गेमचा आवाजही बिघडतो.

मराठी आवाजाची परीक्षा

माईकचे रिव्ह्यू बहुतेक इंग्रजी नाहीतर हिंदीत असतात, आणि इंग्रजीवाले सगळी परीक्षा "प" वर घेतात. आपल्या बोलीत ख, घ, ठ, ध, फ, भ अशी श्वास सोडून बोलायची अक्षरं भरपूर आणि कोल्हापुरी माणसाच्या तर दर दुसऱ्या वाक्यात "भावा" असतो. तो भ थेट पडद्यावर आदळला की भप्प असा फुगा येतो, तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट जात नाही. पॉप फिल्टर (माईकपुढं लावायची गोल जाळी) किंवा फोम लावायचा आणि माईक तोंडासमोर सरळ न ठेवता जरा कोपऱ्यातून, गालाच्या रेषेत ठेवायचा, म्हणजे हवा बाजूनं जाते आणि आवाज तेवढाच येतो.

दुसरी अडचण दातातल्या च ची. चांगला, चमचा, चूल यातला च आणि सोबत स, श हे साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात टोचतात, आणि स्वस्त कंडेन्सरमधे हाच पट्टा "क्लिअर" वाटावा म्हणून उचललेला असतो. माईक तपासायला मी दोन वाक्यं वापरतो, "भावा, फटाफट पुढं ये, पाठीमागं बघ" आणि "चुलीवरचा चमचा चोरानं उचलला". पहिल्यात फुगे येतात का आणि दुसऱ्यात टोचतं का, हेडफोन लावून ऐकायचं, दोन मिनिटांत माईक कळतो.

खोली

कोल्हापुरातल्या घरांची फरशी टणक, भिंती मोकळ्या, खिडकीला पातळ पडदा, त्यामुळं आवाज घुमतो. घुमणारा आवाज कुठलाही माईक काढू शकत नाही. यासाठी महागडे फोमचे चौकोन भिंतीला चिकटवायची गरज नाही, पातळ फोम फक्त वरचे सूर खातो. घरातली जाड वाकळ, घोंगडं किंवा गादी बोलणाऱ्याच्या पाठीमागं आणि बाजूला टांगली तर जास्त काम होतं. मागं का, तर माईक तुमच्याकडं तोंड करून असतो, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंतच ऐकत असतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हा तर तयार स्टुडिओच. शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घरात दोरीवर दोन वाकळी टाकून केलेलं कथावाचन मी ऐकलंय, साध्या यूएसबी माईकवर केलेलं, आणि त्यात खोली अजिबात ऐकू येत नव्हती.

बाहेरच्या आवाजाला वेळ सांभाळणं हाच उपाय. उद्यमनगरच्या बाजूला दिवसभर लेथ आणि ग्राइंडर चालू असतात, गणपतीत साऊंड सिस्टीमपुढं काहीच चालत नाही, आणि जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की वाचनाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवावं. गोष्टी वाचणाऱ्यांनी पहाट धरावी. स्ट्रीमिंगला एवढं कडक लागत नाही, गेमच्या आवाजाखाली बरंच झाकलं जातं. उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्य नसतं, तेव्हा निदान वारा थेट माईकवर येणार नाही असं बसावं आणि ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावावा.

सेटिंग

ओबीएस या स्ट्रीमिंग आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे आवाजाचा पट्टा हिरवा, पिवळा, लाल असा दिसतो. साधं बोलताना तो पिवळ्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ डीबीच्या मधे खेळला पाहिजे. पण गेन बोलण्यावर ठेवायचा नाही, ओरडण्यावर ठेवायचा. कोल्हापूरचा पोरगा फुटबॉलचा गेम खेळत असेल आणि गोल झाला तर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसल्यासारखाच ओरडणार, तेव्हा आधीच मोठ्यानं ओरडून बघावं, तरीही पट्टा टोकाला भिडत नसेल तिथं गेन सोडावा आणि शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या टोकाच्या वर आवाज जाऊ न देणारा फिल्टर लावावा. फिल्टरचा क्रम आधी नॉइज सप्रेशन (मागचा आवाज दाबणारा), मग कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारा), मग लिमिटर असा. ओबीएसमधे २०२० पासून आरएननॉइज नावाचं सप्रेशन आहे, पंख्याला ते चांगलं चालतं, पण गोष्ट वाचताना लावलं की शब्दांच्या शेवटाला आवाज प्लास्टिकसारखा होतो, तिथं लावू नये. व्हिडिओसाठी सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवावा, आणि आवाज नुसता रेकॉर्ड करणार असाल तर २४ बिट, म्हणजे हळू रेकॉर्ड करून नंतर वाढवता येतं. ऑडिओबुक देणार असाल तर एसीएक्सची (ऑडिबलचं ऑडिओबुक घेणारं संकेतस्थळ) अट बघून ठेवावी, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबी, सगळ्यात वरचं टोक उणे ३ च्या आत आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. या शेवटच्या अटीवर बहुतेक घरं नापास होतात, माईक नाही.

एकसारखा घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचा, बहुतेक अर्थिंग नीट नसतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा, आवाज गेला तर माईक बदलू नका, वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. माझ्याबाबतीत एका दुकानदारानं माईक बदलून दिला, दुसराही तसाच वाजला, दोष घरातल्या बोर्डात निघाला.

घेताना आणि वापरताना

ऑनलाईन थोडं स्वस्त पडतं, पण दुकानात प्रत्यक्ष बोलून, रेकॉर्ड करून ऐकू देत असतील तर तिथं घ्यावा, आपला हेडफोन घेऊन जावं आणि पक्कं बिल घ्यावं, वॉरंटीला तेच लागतं. स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून घरी नेलं तर अजून चांगलं, दुकानातल्या गडबडीत सगळेच माईक सारखे वाटतात.

पावसाळ्यात कंडेन्सरला दमटपणा लागतो, पडद्यावर ओल धरली की चिर्र चिर्र, तडतड सुरू होते. काम झालं की माईक सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवावा, आर्मवर तसाच सोडू नये. तडतड आलीच तर कोरड्या डब्यात एक-दोन दिवस ठेवून बघावं, ड्रायरची गरम हवा मारू नये, पडदा जातो. डायनॅमिकला ही काळजी फारशी लागत नाही, त्याचा फोम तेवढा काढून धुवावा आणि पूर्ण वाळवूनच परत चढवावा.