मालमत्ता संरक्षण नियोजन : आर्थिक सल्लागारांचे प्रशिक्षण

धंद्यातले कर्ज, जामीनकी किंवा दावा यांपायी कुटुंबाची सगळी मिळकत जप्तीत जाऊ नये, यासाठी तिची कायद्याला धरून आधीच केलेली व्यवस्था म्हणजे मालमत्ता संरक्षण नियोजन. विमा प्रतिनिधी, म्युच्युअल फंड वितरक आणि सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०१३ च्या विनियमांखाली नोंदणी झालेले गुंतवणूक सल्लागार यांना हा विषय येणे आवश्यक आहे, कारण ग्राहक वकिलाकडे जातो तो बहुधा नोटीस आल्यावर. सल्लागार मात्र त्याच्या घरी दरवर्षी बसतो.

नागपुरात इतवारी, गांधीबाग, कळमना भागांतल्या अनेक पेढ्या एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या आहेत. अशा पेढीचे देणे थेट मालकाच्या घरापर्यंत पोहोचते. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचे बँक कर्ज, घेताना पत्नीची किंवा मुलाची सही जामीनदार म्हणून झाली असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार त्यांची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मोठ्या थकबाकीसाठी बँक नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाते. काटोल-नरखेडकडील संत्रा बागायतदारांचा एक समज इथेच दूर करावा: न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणारा सरफेसी कायदा, २००२ शेतजमिनीला लागू नाही, पण त्याने देणे बुडत नाही, वसुलीचे इतर मार्ग बँकेला खुले राहतात.

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ द्यावा तो विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४ च्या कलम ६ ला. पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी-मुलांच्या लाभासाठी घेतलेली आणि तसे पॉलिसीवरच नमूद असलेली विमा पॉलिसी विश्वस्त निधी मानली जाते. तिच्यावर त्याच्या सावकारांचा, म्हणजे बँकेसह सर्व येणेकऱ्यांचा, हक्क चालत नाही. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. त्यानंतर ती रक्कम त्याची राहत नाही, हेही ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. सावकारांना फसवण्यासाठीच पॉलिसी घेतल्याचे सिद्ध झाले, तर पॉलिसीच्या रकमेतून देणे वसूल करण्याचा त्यांचा हक्क कायम राहतो.

नामनिर्देशनाबाबतचा, म्हणजे नॉमिनी नेमण्याबाबतचा, गोंधळ जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये स्पष्ट केले की नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरत नाही. म्हणून मृत्युपत्र वेगळे करावेच लागते.

वेळ चुकली की हे नियोजन उलटते. सावकारांना अडवण्याच्या हेतूने केलेले स्थावराचे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली त्यांच्या अर्जावरून रद्द होऊ शकते. नोकराच्या नावावर प्लॉट ठेवणे हा तर बेनामी व्यवहार. त्याला १ ते ७ वर्षांचा सश्रम कारावास आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. थकबाकीदार ग्राहक घर मुलाच्या नावे करायला निघाला, तर सल्लागाराने त्याला थांबवायलाच हवे.

विश्वस्त लेख, बक्षीसपत्र यांचे मसुदे वकिलाने करावेत. सल्लागाराने करायचे काम म्हणजे दरवर्षीच्या भेटीत मिळकतीच्या यादीआधी विचारणे: तुम्ही कोणाकोणाला जामीन राहिला आहात, आणि घरातल्या कोणी कुठे सही केली आहे?