‘आज टायमिंग किती आलं?’ : 800 आणि 1600 मीटरच्या बॅचसाठी माहितीपत्रक

पालकांचा फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. बहुतेक दिवशी आमचं उत्तर एकच: आज घेतलं नाही. पूर्ण 1600 चं टायमिंग आम्ही चार आठवड्यांतून एकदाच घेतो. ‘दुसरीकडे रोज स्टॉपवॉच लावतात, तुमच्याकडे पोरं गप्पा मारत पळतात, मग फी कसली?’ असंही कानावर येतं. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 मीटरचे (मुलींना 800), त्यामुळे घाई समजू शकतो. पण 800 मीटरलासुद्धा निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या जोरावर मिळते, 1600 ला तर साधारण 80 टक्के. हा दम रोज जीव तोडून पळाल्याने येत नाही. निवांत किलोमीटर महिनोन्महिने साठत जावे लागतात. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड 800 मीटरच्या पीटर स्नेलला पायाभरणीच्या काळात आठवड्याला 100 मैलांच्या आसपास पळवायचे. त्याच स्नेलने 1960 ला रोममध्ये 800 चं आणि 1964 ला टोकियोत 800 व 1500 अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. कॉलेज नाहीतर कामधंदा सांभाळणाऱ्या पोरांना आम्ही तेवढं पळवत नाही, पण आधी पाया आणि मग वेग हा क्रम सोडत नाही.

आता खरी अडचण. सकाळी आमच्याकडे हलका रन करायचा आणि संध्याकाळी गावाजवळच्या डांबरी रस्त्यावर मोबाईल लावून गुपचूप ‘फुल 1600’ मारायचा. आमचा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. असा मुलगा मंगळवारी इंटरव्हलला (ठरलेल्या वेगाचे राउंड, मध्ये हलका जॉग) येतो तेव्हा पाय आधीच जड असतात. काही आठवड्यांत नडगी दुखायला लागते, मग विश्रांती, मग पुन्हा सुरुवातीपासून. कसून पळाल्यावर शरीर सावरायला साधारण दोन दिवस लागतात. विशीतला मुलगाही याला अपवाद नाही.

हलका रन म्हणजे किती हलका? 1600 साठी 5 मिनिटं 10 सेकंदांचं टार्गेट असेल, तर किलोमीटरला साडेपाच ते सहा मिनिटं. पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. गप्पा मारायला आम्हीच सांगतो.

आणि वेग आम्ही टाळतो असं नाही. मंगळवारी 400 चे सहा राउंड असतात, प्रत्येक 77-78 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं जॉग. एका मुलाने वहीत लिहून आणलं होतं: 70, 73, 77, 80, 83, 85. सरासरी बरोब्बर 78, म्हणून स्वारी खूश! पण त्याला हवा असलेला वेग त्यात जेमतेम एका राउंडला लागलाय. पहिले दोन उसन्या दमावर काढले आणि शेवटचे तीन नुसते रेटले. भरतीच्या दिवशीही तेच होतं, पहिला राउंड हवेत आणि तिसऱ्यात पाय दगड. म्हणून आमचं स्टॉपवॉच प्रत्येक राउंडला चालू असतं. पालकांनी विचारायचंच असेल तर ‘पहिल्या आणि शेवटच्या राउंडमध्ये फरक किती?’ असं विचारावं. त्याचं उत्तर त्याच दिवशी मिळेल.

भरतीला दोनच आठवडे उरल्यावर येणाऱ्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. तेवढ्यात दम वाढत नाही, दुखापत मात्र होते. किमान तीन महिने हाताशी ठेवून या. पहिला आठवडा बघायला या, त्याचे पैसे घेत नाही. स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) लगेच घेऊ नका, साधे रनिंग शूज पुरतात. सोबत एक वही आणा, आणि बाहेर कुठे काही पळाला असाल तर तेही त्यात खरं लिहा. ओरडणार नाही, फक्त मंगळवारचे राउंड कमी करू.