ट्रायकोडर्मा चोळले म्हणजे सगळे रोग टळले, असे नाही

बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळले की गव्हाचे सगळे बुरशीजन्य रोग टळतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. ही उपयुक्त बुरशी मुळांभोवती वाढते, रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून आपल्या विकरांनी (एन्झाइम्सनी) त्यांची पेशीभित्तिका विरघळवते आणि त्यामुळे जमिनीतून येणाऱ्या मूळकुज, रोपमर यांसारख्या रोगांना आळा बसतो. तांबेरा या पानांवरील बुरशीजन्य रोगाचे बीजाणू मात्र वाऱ्यावरून थेट पानांवर उतरतात. तेथे रोगप्रतिकारक वाणच मुख्य आधार. काजळी रोगाची बुरशी तर दाण्याच्या आत, गर्भातच दडलेली असते, म्हणून वरवरचा लेप तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. शिवाय ट्रायकोडर्मा सजीव आहे, हे आवर्जून सांगावेसे वाटते. अनेक रासायनिक बुरशीनाशकांत मिसळल्यास आधी तेच मरते.