भाताला मानवतं तेच पाणी कपाशीला का मारतं?

जुलैत मळ्यात पाणी उभं राहिलं नाही की कोकणातला शेतकरी काळजीत पडतो. चिखलणी होत नाही, तरवा तयार असूनही लावणी खोळंबते. तिकडे यवतमाळकडे मात्र शेतात दोन दिवस पाणी तुंबलं तरी कापूसवाल्याची झोप उडते. खरं तर तिथे पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि भात त्यात मजेत उभं असतं.

कपाशीचं रोप नुसत्या पाण्यातही वाढवता येतं, फक्त त्या पाण्यात सतत हवा सोडावी लागते. म्हणजे रोपाचं वैर पाण्याशी नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत एरवी हवा खेळत असते आणि मुळं तिच्यावर श्वास घेतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूला पाण्यातून वाट काढावी लागते, आणि हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे १०,००० पट हळू सरकतो. आत उरलासुरला प्राणवायू मुळं आणि जिवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात.

मग मुळाच्या पेशी प्राणवायूविना साखर जाळू लागतात. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी या ऊर्जारेणूचे तीसेक रेणू मिळतात, नसताना अवघे २. एवढ्यावर वाढ सोडाच, नत्र आणि पालाश आत ओढून घेणंही परवडत नाही. पेशींत आम्लता वाढते. पेशीच्या पडद्यात पाणी आत घेणाऱ्या प्रथिनांच्या बारीक वाटा असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. आम्लता वाढली की या वाटा मिटतात. म्हणून कपाशी पाण्यात उभी असूनही तहानेने मान टाकते. हे पाहून कुणी आणखी पाणी दिलं, तर अनर्थच.

भाताचं काय वेगळं आहे, ते मळ्यातच बघता येतं. ऑगस्टमध्ये एक चूड उपटून पऱ्याच्या पाण्यात धुवा. जुनी मुळं गंजल्यासारखी तांबूस दिसतील आणि नव्या मुळांची टोकं पांढरीशुभ्र. मूळ ब्लेडने आडवं कापून भिंगाखाली धरलं तर आत पोकळ्या दिसतात. पानांतून आलेली हवा त्यांतून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. त्यातली थोडी बाहेरच्या चिखलात झिरपते, तिथे विरघळलेलं लोह गंजतं आणि मुळावर बसतं. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर, त्यामुळे हा तांबूस थर इथे चांगलाच उठून दिसतो. खाडीकाठच्या तिवरांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवलाय: ओहोटीला चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं हवा थेट वरूनच घेतात. कपाशीला यातलं फारसं काही जमत नाही. पाणी तुंबलं तर बुंध्यापाशी सालीवरची छिद्रं थोडी फुगतात, एखाददुसरं नवं मूळ फुटतं, पण तेवढ्याने भागत नाही.

इथे एथिलीन येतं. फळं पिकवणारा हा वायू झाडं स्वतः तयार करतात. भाताच्या बुडालेल्या मुळात तो साचतो आणि त्याच्या इशाऱ्यावर आतल्या काही पेशी मरून हवेच्या पोकळ्या आणखी वाढतात. कपाशीत तोच वायू घात करतो. एथिलीन बनवण्याच्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो. बुडालेल्या मुळात तो नसतो, म्हणून एसीसी नावाचा कच्चा माल तसाच रसाबरोबर वर चढतो आणि पानांत पोचल्यावर त्याचं एथिलीन होतं. टोमॅटोच्या रोपांत हा प्रवास ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी १९८० साली दाखवून दिला. वर पोचलेलं एथिलीन पानं खाली झुकवतं आणि पात्यांच्या (म्हणजे फुलांच्या कळ्यांच्या) व कोवळ्या बोंडांच्या देठाशी तुटण्याचा थर तयार करतं. उत्पादन बुडतं ते मुख्यतः या गळीमुळे. झाडावर टिकलेल्या बोंडांचं वजन त्या मानाने कमी घटतं, घटते ती त्यांची संख्या.

मातीही यात भर घालते. जांभ्यातून पाणी लवकर उतरतं. त्यामुळे परसात वातींसाठी लावलेली देवकापाशी इतक्या पावसातही तग धरते. विदर्भातली काळी चिकणमाती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी अडून राहतं. त्यात प्राणवायूला मुकलेले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेऊ लागतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. खालची पानं पिवळी पडतात, कारण झाड तिथलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानांना देतं.

लांब उघडीप, मग जोराचा पाऊस आणि लगेच कडक ऊन, असं झालं की बोंडांनी लदलेली झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. हा बुरशीचा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकांच्या फवारण्यांवर पैसे घालवण्याआधी चर खणून पाणी बाहेर काढावं. माझ्या मते सगळ्या उपायांत पहिला मान याचाच. लक्षणं दिसल्यापासून २४ ते ४८ तासांत कोबाल्ट क्लोराइडची अगदी सौम्य, लिटरला १० मिलिग्रॅम, फवारणी करावी, अशी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे. कोबाल्ट एथिलीन बनण्याची नेमकी ती शेवटची पायरी अडवतं. उडून गेलेलं नत्र वापसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी उतरून मातीत पुन्हा हवा खेळू लागल्यावर द्यावं, साचलेल्या पाण्यात दिलेला युरिया मुळांना घेता येत नाही.

पाणी कधी तुंबलं यावरही बरंच ठरतं. कपाशी मुळात बहुवर्षीय झाड आहे, दिवस मिळाले तर ती पुन्हा पाती धरते. जुलैत तुंबलेल्या पाण्याचं नुकसान ती काही प्रमाणात भरून काढते. सप्टेंबरमध्ये पहिली पाती आणि बोंडं गळली, तर नव्या फुलाचं पक्व बोंड व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि कोरडवाहू शेतात तोवर जमिनीतली ओल संपत आलेली असते.