बोअरच्या पाण्यात हायड्रॉक्सिलचा हिशेब

जालना-बीडकडचा केशर आंबा अमेरिकेला पाठवायचा तर त्याला आधी किरणं द्यावी लागतात. २००७ साली भारतीय आंब्याला तिकडची बाजारपेठ पुन्हा खुली झाली ती याच अटीवर. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० मधून निघणारी गॅमा किरणं पेटीबंद आंब्यावर सोडतात. मात्रा किमान ४०० ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. ४०० ज्यूलने किलोभर आंबा तापतो किती? जेमतेम एक दशांश अंश सेल्सिअस. आढीतला आंबा स्वतःच्या ऊबेने याहून जास्त तापतो. तरीही एवढ्याशा ऊर्जेने कोयीतल्या भुंग्याची पुढची पिढी बंद होते. (आंबा किरणोत्सारी होतो का, हा प्रश्न दर हंगामात निघतो. होत नाही.)

उष्णता सगळ्या रेणूंत सारखी वाटली जाते. किरणांचं तसं नाही. ती वाटेत ठिकठिकाणी रेणूंमधून इलेक्ट्रॉन उपटत जातात. आंबा काय, भुंगा काय, आत मुख्यतः पाणीच. त्यामुळे मार बसतो तो पाण्याला. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (रेणूचा अर्धवट, समोरच्याशी झटकन जुळणारा तुकडा) तयार होतो, पाण्याच्या रेणूंनी वेढलेला सुटा इलेक्ट्रॉन तयार होतो, शिवाय थोडे हायड्रोजनचे अणू आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. शुद्ध पाण्याला ४०० ग्रे दिले तर किलोमागे हायड्रॉक्सिल रॅडिकल किती जन्मतात? सहावर एकोणीस शून्यं, इतके. पुढचं सगळं नाट्य त्यांचं आहे. डीएनएची साखळी तोडणं, रोगजंतू मारणं, पाण्यातलं कीटकनाशक फोडणं ही बरीचशी त्यांचीच कामं.

पण हायड्रॉक्सिल समोर येईल त्याला धरतो. म्हणून प्रश्न उरतो तो वेगाचा: कोणाशी किती झटपट? या प्रश्नाची उत्तरं गोळा करण्याचं मोठं काम अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या रेडिएशन लॅबोरेटरीने केलं. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबॉम्ब प्रकल्पात आहेत. अणुभट्टीतून वाहणाऱ्या पाण्याचं किरणांमुळे नेमकं काय होतं, हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे प्रमुख होते मिल्टन बर्टन. युद्ध संपल्यावर ते नोत्र दामला आले आणि ही प्रयोगशाळा उभी राहिली.

मोजमापाची रीत पाहण्यासारखी आहे. लिनॅक नावाच्या यंत्रातून वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत काही नॅनोसेकंदांपुरता द्रावणावर सोडायचा. आडव्या बाजूने प्रकाशाचा किरण आरपार जात असतो. रॅडिकल जन्मले की तो किंचित मंदावतो, आणि ते खर्च होत गेले की पुन्हा उजळतो. पाण्यातला सुटा इलेक्ट्रॉन तांबडा प्रकाश सुमारे ७२० नॅनोमीटरला शोषतो. १९६२ मध्ये हार्ट आणि बोग यांना तो दिसला तो असाच. आपल्याकडे ट्रॉम्बेला आणि पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही अशी सोय आहे.

हायड्रॉक्सिल मात्र असा थेट नीट दिसत नाही. त्यासाठी थायोसायनेट या क्षाराची मदत घेतात. हायड्रॉक्सिलने त्याला गाठलं की तयार होणारा पदार्थ ४७५ नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसतो. आता त्याच द्रावणात, समजा, एखादं तणनाशक घातलं. काही हायड्रॉक्सिल तिकडे वळतात, ४७५ वरची खूण फिकी पडते, आणि किती फिकी पडली यावरून तणनाशकाचा वेग काढता येतो. आधी द्रावणात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तोच वायू, सोडून ठेवतात. तो सुट्या इलेक्ट्रॉनांचंही हायड्रॉक्सिल करून टाकतो, मग मोजणी सोपी होते.

यात एक मेख आहे. थायोसायनेटचा स्वतःचा वेगच चुकीचा धरला तर त्याच्यावर बेतलेला प्रत्येक आकडा चुकतो. जुन्या निबंधांत तो बराच कमी धरलेला दिसतो. आज मान्य असलेला आकडा ११ अब्ज आहे (एकक: लिटर प्रति मोल प्रति सेकंद, मोल म्हणजे रेणू मोजण्याचं माप; पुढचे वेगही याच एककात). म्हणजे जगभरच्या नियतकालिकांतले जुने आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नव्हतं. कोणीतरी बसून प्रत्येक निबंध वाचायचा, तापमान काय होतं, सामू (पीएच) किती होता, तुलना कशाशी केली होती ते बघायचं, आकडा नव्या मापाने दुरुस्त करायचा आणि चार प्रयोगशाळांचे चार आकडे असतील तर कोणता धरावा ते सांगायचं. नोत्र दामला १९६५ पासून यासाठी स्वतंत्र केंद्रच होतं. १९८८ मध्ये बक्स्टन, ग्रीनस्टॉक, हेल्मन आणि रॉस या चौघांनी पाण्यातल्या इलेक्ट्रॉन, हायड्रोजन अणू आणि हायड्रॉक्सिल यांच्या साडेतीन हजारांहून अधिक अभिक्रियांचे वेग एकत्र छापले. नवा कण शोधल्याचा गाजावाजा अशा कामाला मिळत नाही. माझ्या मते तो मिळायला हवा होता, कारण पाणी शुद्ध करणारा अभियंता रोज हाताळतो ती हीच कोष्टकं.

आता मराठवाड्यात येऊ. इथल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी कसं असतं ते गिझरची कॉइल बघून कळतं. पांढरा थर म्हणजे बायकार्बोनेटवाल्या पाण्याने तापल्यावर मागे ठेवलेला चुना. समजा अशा पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे, आणि ऊस-मक्यात मारतात ते तणनाशक अ‍ॅट्राझिन १० मायक्रोग्रॅम उतरलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठीची भारतीय मर्यादा २ मायक्रोग्रॅम, म्हणजे हे पाचपट झालं. ओझोन सोडून, किंवा पेरॉक्साइड घालून अतिनील दिवा लावून, पाण्यात हायड्रॉक्सिल तयार करायचं आणि अ‍ॅट्राझिन फोडायचं, असा बेत आहे.

कोष्टक उघडायचं. हायड्रॉक्सिलचा अ‍ॅट्राझिनशी वेग सुमारे ३ अब्ज, बायकार्बोनेटशी फक्त ८५ लाख. वरवर अ‍ॅट्राझिन साडेतीनशे पटींनी पुढे. पण वेगाला पाण्यातल्या प्रमाणाने गुणावं लागतं. लिटरमागे मोलमध्ये मांडून गुणाकार केला की बायकार्बोनेटच्या बाजूला सेकंदाला ७० हजार येतात आणि अ‍ॅट्राझिनच्या बाजूला १४०. पंगतीत पाचशे पानं बायकार्बोनेटची आणि एक अ‍ॅट्राझिनचं, वाढप्याचं भांडं कुठे रिकामं होणार! पाचशेतला एक रॅडिकल कामाला येतो, उरलेले वाया. तेच यंत्र कोकणातल्या मऊ पाण्यावर, जिथे बायकार्बोनेट ६० मिलिग्रॅम असेल, साठात एक इतकं काम देईल. तिथली चाचणी दाखवून इथे यंत्र विकणाऱ्याला म्हणूनच पाणी तपासणीचा अहवाल पुढे करून बायकार्बोनेटचा आकडा विचारावा.

बायकार्बोनेट रॅडिकल गिळतं तेव्हा कार्बोनेट रॅडिकल बनतो. तोही काही पदार्थांवर चालून जातो, पण बहुतेकांच्या बाबतीत फारच संथपणे. सामू वाढला तर गोष्ट आणखी बिघडते. बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊ लागतं, आणि हायड्रॉक्सिल गिळण्याचा त्याचा वेग ३९ कोटी आहे, म्हणजे पंचेचाळीस पटींहून जास्त. उपाय उलट्या दिशेने आहे. आधी आम्ल घालून सामू चारच्या आसपास आणायचा, बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो हवा सोडून उडवून लावायचा, मगच दिवा लावायचा, आणि शेवटी सामू परत वर आणायचा. आम्लाचा खर्च आणि वाचलेल्या विजेचा खर्च यांचा ताळा ज्याच्या त्याच्या पाण्यावर.

नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्यावर मात्र हायड्रॉक्सिल अजिबात चालत नाही. आपल्याकडच्या अनेक बोअरची खरी तक्रार याच दोघांची असते. नायट्रेटला झडप घालतो तो सुटा इलेक्ट्रॉन, वेग जवळपास १० अब्ज. पण ओझोन किंवा पेरॉक्साइडच्या यंत्रात तो तयार होत नाही. अशा बोअरला आरओसारखा दुसरा उपाय लागतो.