चॅलेंजर गर्ता

महासागरतळावरील आजवर मोजलेले सर्वांत खोल ठिकाण. पश्चिम पॅसिफिक महासागरात ग्वाम बेटाच्या नैर्ऋत्येस सु. ३०० किमी.वर, मेरिआना गर्तेच्या दक्षिण टोकाशी. येथे पॅसिफिक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) शेजारच्या भूपट्टाखाली सरकतो. हा भूपट्ट येथे ज्युरासिक काळातील, म्हणजे फार जुना, थंड व जड असल्याने खोलवर वाकतो.

नेमक्या खोलीविषयी मतभेद आहेत. २३ मार्च १८७५ रोजी ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने वजन बांधलेला दोर सोडून ४,४७५ वाव (८,१८४ मी.) खोली नोंदली. वाव म्हणजे सहा फूट, कोकणातील मच्छीमारांचेही हेच माप. १९५१ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या जहाजाने प्रतिध्वनीवरून सु. १०,९०० मी. खोली काढली. सोव्हिएट जहाज ‘वित्याझ’चा ११,०३४ मी. हा आकडा (१९५७) अनेक पुस्तकांत आढळतो, पण नंतरच्या कोणत्याही मापनाने त्यास दुजोरा दिलेला नाही. ध्वनी तळाशी जाऊन परतण्यास सु. १४ सेकंद लागतात. त्याचा वेग तापमान, क्षारता व दाब यांनुसार बदलत असल्याने वेगात एक टक्का चूक झाली, तरी खोलीत शंभर मीटरांचा फरक पडतो. २०१० च्या अमेरिकन सर्वेक्षणातून १०,९८४ ± २५ मी., तर पाणबुडीवरील दाबमापकांवरून २०२१ मध्ये १०,९३५ ± ६ मी. असे आकडे मिळाले. दुसरा ध्वनिवेगावर अवलंबून नसल्याने अधिक ग्राह्य वाटतो.

स्विस संशोधक झाक पीकार व अमेरिकन नौदलाचे अधिकारी डॉन वॉल्श हे २३ जानेवारी १९६० रोजी ‘त्रिएस्त’ यानातून प्रथम तळाशी पोहोचले. पेट्रोलने भरलेल्या तरंड्याखाली माणसांसाठी जाड पोलादी गोल, अशी यानाची रचना होती. उतरताना प्रवेशमार्गाच्या खिडकीस तडा गेला, तरीही पावणेपाच तासांचा हा प्रवास त्यांनी पुरा केला. तळावर ते सु. वीस मिनिटे होते. गाळ ढवळला गेल्याने छायाचित्र मिळाले नाही. चपटा मासा दिसल्याचे पीकार यांनी नोंदवले आहे. परंतु माशांचे चित्रण आजवर ८,३३६ मी. खोलीपर्यंतच झाले आहे, त्यामुळे तो समुद्रकाकडीसारखा प्राणी असावा, हे मत सयुक्तिक दिसते.

यानंतर जपानचे मानवरहित यान ‘कैको’ (१९९५), चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन (२०१२, एकट्याने), अमेरिकन संशोधक-प्रवासी व्हिक्टर व्हेस्कोवो (२०१९) व चीनचे समानव यान ‘फेन्दौझे’ (२०२०) तेथे पोहोचले. ‘कैको’ने वर आणलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव जिवंत आढळले.